रिकामं हाय की

"मामा, ही ई ड्राइव्ह रिकामीच हाय की!"

गेल्या वर्षीच्या जुलैत, ऐन पावसात, भाचा आतल्या खोलीतून ओरडला. मी काउंटरवर होतो. समोर एक मावशी ओल्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदं काढत होत्या. दमट हवेनं झेरॉक्स मशीन दोन-दोन कागद एकदम ओढत होतं. आणि लाइट जायच्या आत जांबोटीकडच्या एका गणेश मंडळाची पावती पुस्तकं छापून घ्यायची होती. मी म्हणालो, "बरं."

एवढंच. परवानगी म्हणून नव्हे. रेडिओवरच्या हवामानाला म्हणतो तसलं ते 'बरं' होतं. पण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या पोराला तेवढं पुरतं.

दुकान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज. लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कुस्तीच्या मैदानाची पोस्टरं, सप्ताहाच्या पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल. 1 नोव्हेंबरच्या आदल्या आठवड्यात कर्नाटक राज्योत्सवाच्या शुभेच्छांचे फलक माझ्याकडं येतात आणि सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिवसाच्या फेरीची पत्रकंही येतात. गिऱ्हाइकं वेगवेगळ्या वेळी येतात, कागदाचा ट्रे तोच. 2024 मध्ये पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदा झाला, तेव्हापासून पाटीचं डिझाइन करताना मी खरोखरच पट्टी लावून मोजतो.

एवढ्या सगळ्याला संगणक एकच. 2011 साली घेतलेला, 500 जीबीच्या हार्ड डिस्कचा. (विंडोजमध्ये ती 465 जीबी दिसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दुकानदारानं 35 जीबी मारली असं समजून मी भांडायला निघालो होतो.) त्याच डिस्कवर विंडोज 7 आहे आणि उबुंटूही, म्हणजे विंडोजसारखंच संगणक चालवणाऱ्या लिनक्सचा एक अवतार. हौस म्हणून नाही. मराठीचे जुने फॉन्ट, कन्नड टायपिंगचं 'नुडी', पानं मांडायचं पेजमेकर, हे सगळं विंडोजवर बसलेलं, आणि निम्मं दुकान त्यावर चालतं. पण 2020 च्या जानेवारीत विंडोज 7 ला सुरक्षेचे अपडेट मिळायचे बंद झाले. अशा मशीनवरून लोकांचे आधार नंबर घालून अर्ज भरायचे म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाण्यासारखं. म्हणून इंटरनेटची कामं उबुंटूवर, अक्षरांची कामं विंडोजवर. सुरू करताना काळ्या पडद्यावर यादी येते, बाणानं निवडायचं. त्या यादीचं नाव ग्रब.

दोन बिऱ्हाडं एका घरात राहिली की कुरबुरी असायच्याच. आमच्याकडची जुनी कुरबूर घड्याळाची. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, बटणाएवढ्या सेलवर चालणारं. त्यातली वेळ स्थानिक आहे असं विंडोज धरून चालतं. लिनक्स ती जागतिक वेळ समजतं आणि आपल्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवून घेतं. त्यामुळं उबुंटूतून विंडोजमध्ये गेलं की सकाळचे दहा वाजले असताना पडद्यावर पहाटेचे साडेचार. कित्येक महिने माझी बिलं काकडआरतीच्या वेळेला निघत होती. नंतर उबुंटूला एका आज्ञेनं सांगितलं, बाबा, तूच घरमालकाचं ऐक. मिटलं.

भाचा संध्याकाळच्या गाडीनं बेळगावला परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, उदबत्ती लावली, संगणकाचं बटण दाबलं. यादी आलीच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोनच ओळी. एक, अशी पार्टिशन, म्हणजे डिस्कची वाटणी, नाही. दुसरी, ग्रब रेस्क्यू, आणि पुढं लुकलुकणारी रेघ. ना विंडोज, ना उबुंटू. दोन्हीची वाट ग्रबच्याच दारातून जाते, आणि दारवानालाच आपलं घर सापडत नव्हतं.

ओळखीच्या एका रिपेअरवाल्याला फोन लावला. त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत नवं करून देतो." या धंद्यातलं हे आवडतं औषध. गुडघा दुखतो म्हणून गेलं तर पाय कापून देण्यातला प्रकार. मी फोन ठेवला आणि मंडळाच्या पोरांना "दुपारनंतर या" असा निरोप धाडला.

आता इथं थोडं डिस्कच्या पोटात शिरावं लागेल. सीमाभागातला माणूस 'पार्टिशन' या शब्दावर लिहायला लागला की पुढचं वाक्य काय येणार हे वाचणाऱ्यानं आधीच ओळखलेलं असतं. त्याची निराशा करतो. 1956 चं राज्य पुनर्रचनेचं वर्ष, 1967 चा सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा, हे सगळं आमच्याकडं चहाबरोबर येतं, त्याला डिस्क उघडावी लागत नाही. मला पार्टिशनची यादी बघितली की आठवतं ते शेत. सर्व्हे नंबर, पोटहिस्से, बांध.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर, म्हणजे एमबीआर पद्धतीच्या, अगदी पहिल्या 512 बाइटांत सगळा कारभार असतो. त्यातले 446 बाइट मशीन सुरू करणाऱ्या सूचनांचे, शेवटचे 2 बाइट शिक्क्याचे आणि मधले 64 बाइट म्हणजे वाटण्यांचा उतारा. प्रत्येक वाटणीला 16 बाइट, म्हणून वाटण्या चारच. 500 जीबीच्या जमिनीचा उतारा 64 बाइटांचा. या लेखातलं एखादं लांब वाक्यसुद्धा त्यात मावायचं नाही. चारापेक्षा जास्त वाटण्या हव्या असतील तर एक नंबर 'एक्स्टेंडेड' करायचा आणि त्याचे पोटहिस्से पाडायचे. हे पोटहिस्से 5 पासून पुढं मोजतात. उतारा त्यांचा एकत्र नसतो; एका पोटहिस्स्याच्या डोक्यावर पुढच्याचा पत्ता, त्याच्या डोक्यावर त्याच्या पुढच्याचा, अशी साखळी. नव्या जीपीटी पद्धतीत 128 वाटण्यांची सोय आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, पण माझं मशीन त्याच्या आधीच्या जमान्यातलं.

माझ्याकडं 1 नंबर विंडोजनं स्वतःसाठी राखलेला 100 एमबीचा तुकडा, 2 म्हणजे सी, 3 म्हणजे डी. 4 एक्स्टेंडेड, आणि त्याच्या पोटात 5 म्हणजे ई ड्राइव्ह, 6 म्हणजे उबुंटू, 7 म्हणजे उबुंटूची स्वॅप, मेमरी कमी पडली की वापरायची जागा.

ग्रब रेस्क्यूत फार आज्ञा चालत नाहीत, पण काय काय आहे त्याची यादी दाखवणारी 'एलएस' चालते. दाबली. 1, 2, 3 दिसले. (ग्रब डिस्क शून्यापासून मोजतं आणि पार्टिशन एकपासून. असं का, हे विचारू नये. आमच्याकडं तळमजल्याला पहिला मजला म्हणणारेही आहेत.) मग 5, मग 6. संपलं. 7 नाही.

पोटात गोळा आला तो इथं, पण अजून चुकीच्या कारणासाठी. मला वाटलं स्वॅप गेली, आणि स्वॅप गेली तर काय मोठंसं. 5 च्या आत डोकावलो तर तिथं उबुंटूचं सगळं घर. 6 नंबर जागचा तसूभर हलला नव्हता, पण त्याचा नंबर 5 झाला होता. आणि ग्रब बिचारं 6 नंबरच्या दारावर उभं राहून हाका मारत होतं.

पुढचं सोपं. प्रीफिक्स म्हणून नवा पत्ता द्यायचा, डिस्क शून्य, पार्टिशन पाच, फोल्डर बूट आणि त्यात ग्रब. मग 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. यादी आली! उबुंटू निवडलं, तेही उठलं, कारण ते आपल्या पार्टिशनी नंबरानं ओळखत नाही, प्रत्येकीला मिळालेल्या लांबलचक ओळखक्रमांकानं ओळखतं. मी खुर्चीत मागं रेलून चहा सांगितला. आता ग्रब नव्या पत्त्यावर कायमचं बसवायचं, म्हणजे एक आज्ञा, की झालं. ती टाइप करत असताना डाव्या बाजूच्या यादीवर नजर गेली. सी होती. डी होती. ई नव्हती.

म्हणजे 5 नंबरच उडाला होता. म्हणून 6 चा 5 झाला, 7 चा 6 झाला.

भाच्याला फोन केला. "काल तू काय करूलालास रे माझ्या मशीनवर?"

"कुठं काय मामा. डी भरलेली, ई रिकामी. म्हटलं ई डिलीट करून ती जागा डीला जोडावी. पण जोडून घेईना झालं. म्हणून तसंच सोडलं की."

जोडून घेणारच नाही. डी आहे स्वतंत्र 3 नंबर, आणि ई होती 4 नंबरच्या पोटातली. पोटहिस्सा मोकळा झाला तरी ती जमीन 4 नंबरचीच राहते, शेजाऱ्याला बांध सरकवता येत नाही. हे त्याला दुसऱ्या वर्षाला असणार, परीक्षेपुरतं. मी विचारलं, डिलीट करायच्या आधी आत उघडून बघितलंस का. तर म्हणाला, बघितलं. 39 जीबीतली 38.9 मोकळी. एकच फोल्डर, 'जुने' नावाचं, 11 एमबीचं. त्यातली एक फाइल उघडली तर नुसती एबीसीडी आणि चिन्हांची खिचडी. "करप्ट हाय मामा ती. त्यात काय नाही."

त्यात आईच्या ओव्या होत्या.

आईचं माहेर चंदगड तालुक्यात. तिचा जन्म झाला तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढं मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडलं गेलं. घर, विहीर, दारातला फणस, काही हललं नाही. ती लग्न होऊन खानापूर तालुक्यात आली आणि जात्यावर बसून माहेरच्या ओव्या म्हणत राहिली, जातं गेलं तरी म्हणत राहिली, तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना. 2009 च्या पावसाळ्यात धंदा मंदा होता तेव्हा रोज रात्री मी तिच्याजवळ वही घेऊन बसायचो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात ते टाइप करायचो. दोनशेच्या वर ओव्या झाल्या. वही एका पावसात छप्पर गळून लगदा झाली. सीडीवर प्रत काढली होती, ती चौदा वर्षांत चंद्रासारखी डागाळली. राहिलं होतं ते 'जुने'. नवा संगणक आला तेव्हा ते ई ड्राइव्हवर टाकलं आणि तिथं दुसरं काही ठेवायचं नाही असं मनाशी ठरवलं. देवघरात कोण पोती ठेवतं? पण हे मनातलं ठरवणं कुणाला दिसणार. पडद्यावर दिसत होती ती 38.9 जीबी मोकळी जागा.

आज्ञा अर्धीच टाइप झाली होती. ती पुसली आणि मशीन बंद केलं.

डिलीट झालेल्या पार्टिशनबाबत एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे, आणि ती मलाही त्या घटकेला स्वतःला तीन-चारदा सांगावी लागली: डिलीट केल्यानं जमीन नांगरली जात नाही, उताऱ्यावरचं नाव खोडलं जातं. ओव्या होत्या तिथंच होत्या. धोका पुढच्या पावलांत होता. त्या मोकळ्या जागेवर कुणी नवी पार्टिशन पाडून फॉरमॅट केली, वर दुसऱ्या फाइली टाकल्या, की मग नांगर फिरला. म्हणून त्या डिस्कवर आता काही लिहायचं नाही, उघडायचंही नाही, पेनड्राइव्हवरून दुसरंच लिनक्स चालू करायचं आणि आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढायची.

भाचा दुपारच्या गाडीनं परत आला. तोंड एवढंसं झालेलं. आईला काही सांगितलं नव्हतं. आम्ही त्याच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार केला, दुकानातलं मशीन त्यावर सुरू केलं, आधी डिस्कची तब्येत बघितली. डिस्क स्वतःचा आजार स्वतः लिहून ठेवत असते; खराब झालेले आणि बदलून घेतलेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे बारके तुकडे, किती, हा आकडा शून्य होता. म्हणजे हाड शाबूत, नुसता उताऱ्याचा घोळ. मग बाहेरची 1 टीबीची डिस्क जोडून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं नक्कल सुरू केली. माझ्या जुन्या यूएसबीतून सेकंदाला जेमतेम 30 एमबी. हिशेब केला, साडेचार ते पाच तास.

साडेसहाला लाइट गेली. यूपीएस दहा मिनिटं ओरडला आणि गप्प झाला. नऊला लाइट आली, परत लावलं. डीडीरेस्क्यूचं हेच चांगलं आहे: सुरू करताना मॅपफाइलचं नाव देऊन ठेवलं तर कुठपर्यंत वाचलं हे ते तिच्यात टिपत जातं आणि तिथूनच पुढं धरतं. नाव द्यायला विसरलं की मात्र पहिल्यापासून. रात्री शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बसलो. पत्र्यावर पाऊस असा, की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागत होतं. म्हणून फार बोललो नाही.

बाबांची आठवण आली ती त्या बसण्यात. मी लहान होतो, शाळेत कन्नड अक्षरं नुकती ओळखीची होत होती. घरी एक कागद आला होता. बाबा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, मोडीही थोडी वाचायचे, आजोबांच्या वेळच्या खरेदीखतांची त्यांना खडान् खडा माहिती. पण हा कागद कन्नडमध्ये. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, "काय नाही ह्यात." कागद पत्र्याच्या ट्रंकेत गेला. त्यात शेजारच्या शेताच्या मोजणीची तारीख होती. मोजणीला आमच्यातलं कुणी नव्हतं. नंतर बांध दोन हात आमच्याकडं सरकलेला दिसला तेव्हा ट्रंक उघडून तो कागद मला वाचायला लावला, आणि मी अडखळत, बोट ठेवून, तारीख वाचली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांना फसवलं कुणीच नव्हतं. कागद घरी आला होता. त्यांना वाचता आला नाही, आणि वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा त्यात काही नाही म्हणणं सोपं गेलं.

आज तसले कागद घेऊन माणसं माझ्या काउंटरवर येतात. "हे काय लिवलंय बघ की जरा." मी वाचून सांगतो. त्याचे पैसे घेत नाही, झेरॉक्सचे घेतो.

मी हे भाच्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं त्याचा उपदेश करून घेतला असता. तो मोबाइलच्या उजेडात स्वतःच्या नोट्स काढून एक्स्टेंडेड पार्टिशनवरचं पान वाचत होता.

नक्कल पुरी झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मग टेस्टडिस्क. क्रिस्तोफ ग्रनिए नावाच्या फ्रेंच माणसानं लिहिलेला हा फुकट प्रोग्राम दिसायला अगदीच भिकार आहे: काळा पडदा, बाण आणि एंटर. पण तो काम करतो ते जुन्या तलाठ्यासारखं. उताऱ्यावर विसंबत नाही, शेतात उतरून खुणा शोधतो. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या, पार्टिशनचा पहिला सेक्टर ओळखू येईल असा असतो, आणि त्याची एक प्रत त्याच पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. बांधाचे दोन्ही दगड सापडले की मधलं शेत कुणाचं ते कळतं. पार्टिशन पद्धत 'इंटेल', म्हणजे तीच जुनी एमबीआर, निवडली, 'अ‍ॅनालाइझ', मग 'क्विक सर्च'. काही मिनिटांत यादी आली. सी, डी, उबुंटू, स्वॅप, आणि त्यांच्या मधोमध 39 जीबीची एक एनटीएफएस, डोक्यावर डी अक्षर. इथं डी म्हणजे डिलीटेड.

तिच्यावर जाऊन 'पी' दाबलं. आतल्या फाइलींची यादी उघडली. एकच फोल्डर.

भाचा म्हणाला, "हाय की मामा!"

बाणानं तिचं अक्षर डीचं एल केलं, म्हणजे लॉजिकल, पोटहिस्सा. बाकीच्यांची अक्षरं पुन्हा तपासली. 'राइट'वर एंटर मारायच्या आधी मी त्याला म्हटलं, तू मार. त्यानं हात मागं घेतला. मग मीच मारला. खरं तर नक्कल तयार होती, भिण्यासारखं काही नव्हतं. तरी मारताना डोळे मिटले.

पेनड्राइव्ह काढून मशीन चालू केलं आणि आता पुन्हा ग्रब रेस्क्यूत पत्ता द्यावा लागणार म्हणून कागदावर आज्ञा लिहून तयार बसलो. तर सरळ यादीच आली. मला दोन सेकंद कळेना. मग लक्षात आलं: 5 नंबर परत आपल्या जागी आला, म्हणून उबुंटू परत 6 झालं, आणि ग्रब ज्या दारावर कालपासून हाका मारत होतं त्याच दारातून त्याला ओ आली. ग्रब बिघडलेलं नव्हतंच. सकाळी ती आज्ञा पुरी टाइप केली असती तर ते 5 नंबरचा पत्ता पाठ करून बसलं असतं, आणि ई परत आल्यावर पुन्हा चुकलं असतं.

उबुंटूतच अधीरपणानं 'जुने' उघडलं. पहिली फाइल. एबीसीडी, डॉलर, स्वल्पविराम, कुठं फ्रेंच टोप्या घातलेली अक्षरं. भाचा माझ्याकडं बघायला लागला. पण ही खिचडी माझ्या ओळखीची होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची ठरलेली जागा देणारी पद्धत, रुळायच्या आधीचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली मराठी चित्रं. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फॉन्टचा चष्मा लावला तरच त्यात मराठी दिसणार. आणि प्रत्येक कंपनीचा चष्मा निराळा. एकाचा काना दुसऱ्याकडं वेलांटी. फॉन्ट होता विंडोजमध्ये. मशीन परत बंद, परत चालू, विंडोज, ई, जुने.

ताम्रपर्णीला गं पूर, पैलाडी माझा भाऊ
दळण झालं बाई, भाकर कशी देऊ

रात्रीचा दीड. भाच्यानं ते मोठ्यानं वाचलं. त्याला मराठी वाचताना जरा अडखळायला होतं, इंग्रजी माध्यमाचा आहे. ताम्रपर्णी म्हणजे कुठली नदी, असं त्यानं विचारलं. चंदगडची, म्हटलं, तुझ्या आज्जीच्या माहेरची.

एक गंमत राहिलीच. नक्कल काढताना ती बाहेरची डिस्क मी लिनक्सच्या पद्धतीनं, एक्स्ट 4 मध्ये, तयार केली होती. विंडोजमध्ये असताना ती तशीच जोडलेली राहिली होती. विंडोजनं लगेच चौकट दाखवली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आत माझी अख्खी 500 जीबीची नक्कल बसलेली, पण विंडोजला ती लिपी येत नाही. भाच्यानं माझा हात धरून 'कॅन्सल' दाबलं. मी दाबणारच होतो ते, पण त्याला दाबू दिलं.

पुढचा महिनाभर फुरसत मिळेल तसा मी ओव्या युनिकोडमध्ये आणत होतो. बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ते हमखास घसरतात, शेवटी ओळ न् ओळ डोळ्याखालून घालावीच लागते. त्या कंटाळवाण्या कामात एक गोष्ट नव्यानं कळली. युनिकोडमध्ये देवनागरीला 128 जागा आहेत आणि कन्नडलाही 128. एवढंच नाही, जागांचा क्रमही एकमेकींवर ठेवल्यासारखा. देवनागरीचा क आपल्या रांगेत 22 वा, कन्नडचा क त्याच्या रांगेत 22 वा. दोन्ही रांगा भारतीय लिप्यांसाठी आधी ठरवलेल्या एकाच आराखड्यातून आल्या, म्हणून असं. पाटीवरच्या टक्क्यांच्या वादात कुणी हे ऐकून घेणार नाही, पण मला फार बरं वाटलं, का कोण जाणे.

छापलेले कागद घेऊन एका दुपारी आईजवळ बसलो. तिला आता दिसत कमी, मी वाचत होतो. ती शेंगा फोडत ऐकत होती. पुराची ओवी आली तशी थांबली.

"पुढची कुठं हाय?"

"एवढीच हाय."

"एवढीच कशी. तिला जोड हाय की. तू तवा झोपलास आसशील." आणि तिनं जोड म्हटली. भावाला पैलतीरावरून भाकरी दिसते, हाक ऐकू येते, आणि तो होडीवाल्याला काय म्हणतो ती ओळ. ही कुठल्याच डिस्कवर नव्हती. मी पेन शोधेपर्यंत ती पुढच्या शेंगेवर गेली होती. परत म्हणायला लावलं तर शब्द थोडे वेगळे आले. दोन्ही लिहून घेतल्या.

आता 'जुने' तीन ठिकाणी आहे. ई ड्राइव्हवर, बाहेरच्या डिस्कवर आणि भाच्याच्या लॅपटॉपवर. लॅपटॉपवर त्यानं स्वतःहून ठेवलंय. गणपतीला आला तेव्हा दुकानातून लाल स्टिकर पेपर घेऊन त्यानं एक पट्टी छापली आणि संगणकाच्या डब्यावर चिकटवली: 'ई ड्राइव्ह रिकामी नाही.' दुकानात हाताखालच्या मुलाला मराठी वाचता येत नाही, म्हणून तेच खाली कन्नडमध्येही. मी चिकटवायच्या आधी बघितली आणि म्हटलं, कन्नड वर घे, आणि अक्षर मोठं कर. तो म्हणाला, मामा, ही काय दुकानाची पाटी हाय का? तरी त्यानं परत छापली. पट्टी लावून मोजली नाही.